मावशीच्या हातातला झाडू

आपल्यातल्या काही पोरांना सध्या कोलाजचा नाद लागलाय. जुनी तिकिटं, काडेपेटीवरची चित्रं, कॅलेंडरचे तुकडे, गंजकी कुलपं जमवायची नि चिकटवायची. करा बाबांनो, जरूर करा. पण वस्तू 'सापडली' म्हणता, तर ती कुणाची होती आणि टाकली कुणी, हे विचारता का?

कुर्ट श्विटर्सनं पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत ट्रामची तिकिटं नि फाटकी वेष्टनं चिकटवून चित्रं केली. न्यूयॉर्कचा जोसेफ कॉर्नेल जुन्या बाजारातल्या वस्तू पेट्यांत मांडायचा. दोघंही मोठे, वाद नाही. पण भंगार उचलणं ही त्यांची हौस होती. आमच्या वाट्याला मढ्यावरची कापडं नि फुटकी भांडी मनूनं दहाव्या अध्यायात लिहूनच ठेवली. आज्या-पणज्यांचा जन्म त्यात गेला, त्यांना कुणी कलावंत म्हटलं नाही.

म्हणून मला बेटी सार ही काळी बाई जवळची वाटते. जन्म १९२६, लॉस एंजेलिस. लहानपणी वॉट्स वस्तीत आजीकडं जायची तेव्हा सायमन रोडिया हा इटलीहून आलेला मजूर फुटक्या फरश्या, बाटल्या, शिंपले लावून मनोरे उभारत होता, ते तिनं पाहिलं. १९६७ साली कॉर्नेलच्या पेट्या पाहिल्या. १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला. त्यानंतर काळ्यांची टिंगल करणाऱ्या बाहुल्या, डबे, पोस्टकार्डं ती जुन्या बाजारांतून हुडकू लागली. म्हणजे तिनं उचललेला कचरा साधा नव्हता. तिच्याच लोकांची बदनामी करायला तो कारखान्यात बनवलेला होता.

१९७२ साली तिनं 'आंट जेमायमाची मुक्ती' ही पेटी केली. आंट जेमायमा म्हणजे धिरड्याच्या तयार पिठाच्या पुड्यावरची हसरी काळी मोलकरीण. १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत नॅन्सी ग्रीन या गुलामीत जन्मलेल्या बाईला तिचं सोंग देऊन उभं केलं होतं. गोरे काळ्या बाईला 'मिसेस' म्हणत नसत, 'आंट' म्हणत. आपल्याकडं दवाखान्यात फरशी पुसणारीला 'मावशी' म्हणतात ना, त्या मावशीला डॉक्टरीणबाई पंगतीला बोलावतात का, तेवढं बघा.

पेटी वीतभर रुंद. मागं पुड्यावरचा तोच चेहरा ओळीनं चिकटवलाय. खाली कापूस, गुलामांनी वेचलेला. मध्ये स्वयंपाकघरात चिठ्ठ्यांची वही अडकवायची बाहुली. वहीच्या जागी दुसऱ्या मोलकरणीचं चित्र, तिच्या कडेवर उजळ कातडीचं पोर. त्यापुढं काळी मूठ. बाहुलीच्या एका हातात रायफल, दुसऱ्यात झाडू.

सगळे रायफलीचं कौतुक करतात. मला झाडू जास्त बोचतो. बाईनं तो काढून टाकला नाही. आपण कवितेत पहिल्याच ओळीला झाडू भिरकावतो, आणि झाडूबरोबर झाडणारी बाईही कवितेतून निघून जाते. मग उरते नुसती घोषणा.

काही दोस्त म्हणतात, अपमान परत का चिकटवायचा? गंमत अशी, की १९९७ मध्ये सारबाईंनीच कारा वॉकर या तरुण काळ्या चित्रकर्तीविरुद्ध पत्रं धाडली, ही चित्रं गोऱ्यांच्या करमणुकीची म्हणून. मला ते सगळं पटत नाही. शिवीचा सातबारा कुणा एकाच्या नावावर नसतो. १९७२ सालीच मुंबईत पँथर उभी राहिली आणि ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्यातल्या शिव्यांनीही पांढरपेशांचे कान किटले होतेच. पण सारबाईंचा प्रश्न टाळू नका. आपण शिवी चिकटवली आणि बघणारा सवर्ण खूष होऊन विकत घेऊन गेला, तर चूक कुठं झाली?

२०२० साली कंपनीनं तो चेहरा नि नाव काढायचं ठरवलं, २०२१ ला नवं नाव आलं. पेटी मात्र बर्कलेच्या संग्रहालयात आहे.

तेव्हा चोरबाजारात जायच्या आधी घरची ट्रंक उघडा. आज्याचा गिरणीचा पास असेल, जातीचा रकाना भरलेला शाळेचा दाखला असेल, मालकिणीनं दिलेलं उतरलेलं लुगडं असेल. त्याला डिंक लावण्याआधी आईला विचारा, हे घरात कसं आलं. आणि ती सांगेल ते चित्रासोबत आमच्याकडं धाडा.