चिन्हाचे राखणदार आणि चिन्हाचे मालक

मनुष्य अक्षरे गिरवू लागला त्याच्या फार पूर्वीपासून तो खुणा करीत आला आहे. मडक्याच्या बुडाशी कुंभाराने उमटविलेला ठसा, गुराच्या अंगावरचा डाग, होडीच्या नाळेवर रंगविलेली आकृती, या साऱ्या खुणांचे काम एकच : 'ही वस्तू अमक्याची' असे पाहणाऱ्यास सांगणे. आज ज्यास आपण व्यापारचिन्ह म्हणतो ते याच जुन्या खुणेचे कायद्याने मान्य केलेले रूप होय. त्याचा मूळ हेतू स्वच्छ आहे. एकाने कष्टाने मिळविलेल्या नावलौकिकावर दुसऱ्याने आपला हलका माल खपवू नये आणि ग्राहकाची फसवणूक होऊ नये, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. अशा कायद्याविरुद्ध कोणाही विचारी माणसाची तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रार सुरू होते ती निराळ्या ठिकाणी. कारखानदाराने स्वतः घडविलेली खूण ही त्याची. परंतु जी खूण, जे नाव, जो सण कोणा एकाने घडविलेलाच नाही, पिढ्यान्‌पिढ्या असंख्य माणसांनी मिळून जो जोपासला, त्यावर एखाद्या बलाढ्य कंपनीने आपल्या नावाची पाटी लावू पाहिली तर काय म्हणावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. तो आपल्या श्रद्धेच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचलेला आहे, म्हणूनच त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

नोव्हेंबरच्या २ तारखेस आपण सर्व मृत भक्तांचा स्मरणदिन पाळतो. दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. मेक्सिको देशात १ व २ नोव्हेंबर या दोन दिवशी हाच स्मरणविधी मोठ्या सणाच्या रूपाने साजरा होतो. त्यास तेथे 'दिया दे लोस मुएर्तोस', म्हणजे मृतांचा दिवस, असे म्हणतात. तेथील मूळ रहिवाशांच्या प्राचीन चालीरीती आणि स्पेनमधून आलेली कॅथलिक परंपरा यांचा त्यात संगम झाला आहे. घरोघरी वेदी सजते, तीवर दिवंगतांची छायाचित्रे आणि त्यांचे आवडते पदार्थ मांडले जातात, झेंडूच्या पाकळ्यांनी वाट रेखली जाते. युनेस्कोने २००८ साली या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मे २०१३ मध्ये अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीने हेच शब्द व्यापारचिन्ह म्हणून आपल्या नावे नोंदवून मिळावेत, असे अर्ज त्या देशाच्या नोंदणी कार्यालयात केले. या सणावर आधारित चित्रपट तयार होत होता आणि त्याच्या नावाने खेळण्यांपासून खाद्यपदार्थांपर्यंत नाना प्रकारचा माल विकावयाचा होता. बातमी फुटताच अमेरिकेतील मेक्सिकन वंशाचे लोक खवळून उठले. काही दिवसांतच वीस हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकाराने कंपनीच्या लाडक्या उंदराचे हाडांच्या सापळ्याच्या रूपातील अक्राळविक्राळ चित्र काढून तिची यथेच्छ टर उडविली. अखेर कंपनीने अर्ज मागे घेतले. चित्रपटाचे नाव बदलत असल्यामुळे आता त्यांची गरज उरलेली नाही, असा खुलासा तिने केला. तोच चित्रपट 'कोको' या नावाने २०१७ साली प्रदर्शित झाला. विशेष म्हणजे याच अल्काराझ यांना कंपनीने मध्यंतरी सल्लागार म्हणून बोलावून घेतले होते.

कंपनीची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. व्यापारचिन्हाची नोंदणी म्हणजे सणाची मालकी नव्हे. ती ठरावीक प्रकारच्या मालापुरतीच असते. त्यामुळे मेक्सिकोतील कोणत्याही आजीबाईला आपल्या घरची वेदी मांडण्यास कोणी अडविले नसते, असे तिचे वकील म्हणू शकले असते. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते खरेही आहे. परंतु सण केवळ वेदीवर साजरा होत नाही. त्याच्याभोवती मेणबत्त्या विकणारे, साखरेच्या कवट्या करणारे, कागदी माळा कातरणारे शेकडो लहान कारागीर पोट भरीत असतात. आपल्या सणाचे नाव आपल्याच मालावर छापल्याबद्दल उद्या त्यांच्या दारी वकिलाची नोटीस आली असती, तर त्यांच्यापैकी किती जण न्यायालयाची पायरी चढले असते? अशा लढ्यांत निकाल बहुधा न्यायाधीशापर्यंत पोहोचतच नाही. ज्याच्या पदरी वकिलांची फौज आहे तो पत्र पाठवितो, आणि ज्याच्या पदरी काही नाही तो मुकाट्याने पाटी उतरवितो.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रंथ, गीत अथवा चित्र यांवरील लेखनहक्क केव्हातरी संपतो. आपल्या देशात तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो आणि ती कृती सर्वांची होते. व्यापारचिन्हाचे तसे नाही. त्याची नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करीत गेले की ते अक्षय्य राहते. म्हणून सर्वांच्या मालकीची वस्तू एकदा या कुंपणात गेली की ती आपोआप परत येण्याची वाट उरत नाही. स्वाहिली भाषेत 'चिंता नको' या अर्थाने पूर्व आफ्रिकेतील लोक रोज उच्चारतात ते 'हाकुना मटाटा' हे शब्द याच कंपनीने १९९४ साली आपल्या चित्रपटाच्या निमित्ताने नोंदणीस घातले आणि २००३ साली अमेरिकेत कपड्यांसाठी त्यांची नोंदणी मिळविली. आफ्रिकेतील लोकांचा मोठा निषेध झाला तो २०१८ साली, म्हणजे नोंदणीनंतर पंधरा वर्षांनी.

आता 'कोको' या चित्रपटाकडे वळू. कलाकृती म्हणून तो सुंदर आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०१८ साली त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले. मिगेल नावाचा मुलगा मृतांच्या नगरीत जातो आणि आपल्या घराण्याचे हरवलेले सत्य शोधून आणतो. ज्याची आठवण जिवंतांपैकी कोणालाच उरत नाही तो मृत दुसऱ्यांदा आणि कायमचा नाहीसा होतो, ही त्यातील कल्पना काळजाला भिडते. आपली श्रद्धा याहून पुढे जाते. माणसांच्या विस्मृतीने कोणी नाहीसा होत नाही, कारण परमेश्वराच्या स्मरणात सारे जिवंत आहेत, असे आपण मानतो. तरीही दिवंगतांचे ऋण विसरू नये हा संस्कार बालमनावर करणारे असे चित्रपट विरळाच.

परंतु या कथेतील खलपुरुष कोण? अर्नेस्तो दे ला क्रूझ नावाचा लोकप्रिय गायक. एक्तोर या गरीब मित्राने रचलेली गाणी, त्यांत मुलीसाठी रचलेले गीतही, त्याने लाटली, मित्राचा जीव घेतला आणि त्या गाण्यांवर आपली कीर्ती उभारली. मुलीला झोपविताना गायिलेले गीत रंगमंचावर ढोलताशांसह विकले गेले. आपले नाव क्रुसावरून सांगणाऱ्या या माणसाचा अपराध नेमका हाच की जे प्रेमापोटी दिले गेले होते त्यावर त्याने स्वतःचा शिक्का मारला. ज्या कंपनीने चार वर्षांपूर्वी एका समाजाच्या सणाच्या नावावर शिक्का मारण्याचा प्रयत्न केला तिच्याच चित्रपटाने ही कथा सांगावी, यातील विसंगती आम्हांस बोलकी वाटते. चित्रपट घडविणाऱ्या कलावंतांना सणाचा आत्मा समजला होता. कंपनीच्या विधी खात्याला त्यात केवळ मालाचे नाव दिसले होते.

चित्रपटात पानोपानी दिसणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. तो आपल्याकडे आला, दसऱ्याच्या तोरणात गेला आणि आपल्या कबरींवरही वाहिला जाऊ लागला. त्याबद्दल कोणी कोणाकडे परवाना मागितला नाही. चिन्हे अशीच वाढतात. दिल्याने ती कमी होत नाहीत.

दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. युद्धभूमीवरील जखमींची सेवा करणाऱ्यांस कोणी इजा करू नये म्हणून १८६४ च्या जिनिव्हा कराराने पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रूस हे संरक्षक चिन्ह ठरविले. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून ते सिद्ध झाले आहे. अमेरिकेत क्लॅरा बार्टन यांनी १८८१ साली रेडक्रॉस संस्था स्थापिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत जॉन्सन अँड जॉन्सन ही कंपनी आपल्या मलमपट्टीच्या मालावर लाल क्रूस वापरू लागली. पुढे कायदा झाला तेव्हा १९०५ पूर्वीपासून ते चिन्ह वापरणाऱ्यांना सूट मिळाली. ऑगस्ट २००७ मध्ये याच कंपनीने अमेरिकन रेडक्रॉसवरच दावा लावला. संस्थेने इतर कंपन्यांना परवाने देऊन प्रथमोपचाराच्या पेट्यांसारखा माल त्या चिन्हाखाली बाजारात आणला, ही तिची तक्रार होती. मे २००८ मध्ये न्यायालयाने मुख्य मुद्द्यांवर संस्थेच्या बाजूने निर्णय दिला आणि पुढील महिन्यात उभयतांत समेट झाला.

जखमींच्या सेवेचे चिन्ह वापरल्याबद्दल सेवासंस्थेसच न्यायालयात खेचावे, हे ऐकून कोणाचाही संताप होईल. परंतु केवळ संतापाने भागणार नाही. संस्थाही ते चिन्ह बाजारात भाड्याने देत होती, हे विसरता येत नाही. त्यातून निधी सत्कार्यासाठी जमत होता हे खरे; तथापि राखणदार दुकानात बसला की दुसरा दुकानदार त्यास प्रतिस्पर्धी समजणार, हे ओघानेच आले. मालकी आणि राखण यांतील भेद पुसट झाला की सर्वांच्या चिन्हाची अशी ओढाताण होते.

आपल्या देशातील कायद्याने हा भेद पुष्कळ अंशी सांभाळला आहे. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीवाचून लाल क्रुसाचे चिन्ह कोणासही वापरता येत नाही. आपल्याकडे मोटारींच्या काचांवर आणि औषधांच्या दुकानांवर ते सर्रास रंगविलेले दिसते ते अज्ञानापोटी. येथे कायदा चिन्ह कोणाच्या नफ्यासाठी राखीत नाही, तर रणांगणावरील असहाय जिवासाठी राखतो. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे व चित्रे व्यापारासाठी वापरण्यावर १९५० च्या कायद्याने असेच बंधन घातले आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार कोणत्याही समाजाच्या धर्मभावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदता येत नाही. २०१५ साली उदबत्तीच्या एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'रामायण' या नावावर कोणा एकास व्यापारी हक्क सांगता येणार नाही असा निर्णय दिला. धर्मग्रंथांची नावे गणताना त्या निर्णयात बायबलचाही उल्लेख आहे. रामायणाच्या निमित्ताने दिलेले हे संरक्षण आपल्यालाही लाभले आहे, हे कृतज्ञतेने नमूद करावेसे वाटते.

येथे कोणी विचारील की ख्रिस्तसभाही आपली चिन्हे राखीत नाही काय? राखते. डिसेंबर २००९ मध्ये व्हॅटिकनने पोप महोदयांचे नाव, चित्र आणि राजचिन्ह यांचा परवानगीवाचून वापर होऊ नये असे जाहीर केले. मग तिच्यात आणि कंपनीत फरक कोणता? आमच्या मते तो तीन प्रश्नांनी पारखून घ्यावा. हे चिन्ह घडविले कोणी? ते राखल्याने रक्षण कोणाचे होते? आणि त्यामुळे गरिबाच्या हातून काही हिरावले जाते काय? पोप महोदयांच्या नावाने कोणी भाविकांस फसवू नये म्हणून केलेली राखण या कसोटीस उतरते. परक्या समाजाच्या सणाचे नाव खेळण्यांवर छापण्यासाठी मागणे उतरत नाही. आणि उद्या आपलीच एखादी संस्था एखाद्या संताचे नाव आपल्या खासगी मालकीचे म्हणू लागली, तर तिलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

हा विषय आपल्या कुटुंबांपासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. आपली लग्नगीते, आपले दागिने, लुगडी आणि त्यांची ठेवण, आपल्या सणांची नावे व सणांचे पदार्थ हे सारे असेच अनामिक हातांनी घडविलेले धन आहे. त्याचा दस्तऐवज कोठे आहे? बहुतेक ठिकाणी तो वृद्धांच्या स्मरणातच आहे. कोणी त्यावर हक्क सांगू लागल्यास 'हे आमच्यात पूर्वापार चालत आले आहे' असे सिद्ध करण्यासाठी लेखी पुरावा लागतो. प्रत्येक धर्मग्रामातील तरुणांनी आपल्या गावची गीते, चाली व रूढी नाव-गाव-वर्षासह लिहून ठेवल्या, तर ते काम एखाद्या व्याख्यानमालेहून मोलाचे ठरेल. व्यापारचिन्हासाठी आलेले अर्ज सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध होतात आणि प्रसिद्धीनंतर चार महिन्यांच्या आत कोणाही व्यक्तीस त्यास विरोध नोंदविता येतो, हेही आपल्यातील वकील मंडळींनी लक्षात ठेवावे.

मेक्सिकन समाजाला यश आले ते कायद्याच्या ज्ञानामुळे नव्हे. ज्या सणासाठी ते भांडले तो सण ते खरोखर पाळीत होते, म्हणून वीस हजार सह्या काही दिवसांत उभ्या राहिल्या. आपल्या दफनभूमीत नोव्हेंबरमध्ये जेवढ्या मेणबत्त्या लागतात तेवढेच आपल्या बाजूचे साक्षीदार. ज्या घरातील आजीची कबर कोठे आहे हे नातवाला ठाऊक नाही, त्या घराने आपली परंपरा कोणी पळविली म्हणून ओरड करण्यात फारसा अर्थ नाही. येत्या २ नोव्हेंबरला मुलांना बरोबर घेऊन जावे, कबरीवरचे नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्या नावामागची हकीकत त्यांना सांगावी.