परांडें येथील ओवीबद्ध टीका

मराठी ओवीग्रंथास ‘टीका’ हें नांव केवळ आदरार्थ दिलेलें असतें, शास्त्रार्थानें नव्हे, असा समज पोथीसंग्राहकांत बराच रूढ आहे. परांडें (जि. धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद) येथील हंसराजस्वामींचे ग्रंथ पाहतां तो समज टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

हे स्वामी रामदासी परंपरेंतले, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतले. आचार्यांच्या नांवावर चालणाऱ्या वाक्यवृत्ति, लघुवाक्यवृत्ति व सदाचार या प्रकरणांवर त्यांनीं मराठींत टीका केल्या. ही निवडच बोलकी आहे. वाक्यवृत्तींत ‘तत्’ व ‘त्वम्’ या पदांचे अर्थ आधीं निराळे ठरवून मग वाक्यार्थ लाविला आहे. वाच्यार्थांतील विरुद्ध अंश टाकून अविरुद्ध तेवढा घ्यावा, ही तेथील भागलक्षणा. म्हणजे प्रश्न पदाचा व वाक्याचा आहे, व्याकरण आणि मीमांसा यांच्या सीमेवरचा आहे. अशा मूळावर नुसतें कीर्तनी निरूपण पुरत नाहीं. पदार्थ, वाक्ययोजना, आक्षेप, समाधान हीं टीकेचीं अंगें तेथें लागतातच. लघुवाक्यवृत्ति तर अवघ्या 18 श्लोकांची. मोत्यांनीं झांकलेलें सूत्र दोन मोत्यांच्या मध्यें दिसतें, तसा दोन वृत्तींच्या संधींत शुद्ध बोध दिसतो, हा तींतील दृष्टान्त समजावून देणें हें टीकाकाराचेंच काम.

व्याकरणांत मात्र ही वाट चालली नाहीं. नागेशभट्ट काळे महाराष्ट्रीय. परंतु त्यांच्या परिभाषेन्दुशेखरावर वैद्यनाथ पायगुंडे यांनीं ‘गदा’ लिहिली ती संस्कृतांतच. महाभाष्य मराठींत आलें तें वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या हातून, विसाव्या शतकांत. सूत्राचा विषय संस्कृत शब्दाचें रूप हाच असल्यामुळें तेथें भाषा सोडणें म्हणजे विषय सोडणें. वाक्यार्थाचें तसें नाहीं. तो देशभाषेंत सांगतां येतो, हें ज्ञानेश्वरीनें शके 1212 मध्येंच दाखविलें.

ओवीचा एक दोष मात्र कबूल केला पाहिजे. संस्कृत टीकेंत प्रतीकामुळें मूळ कोठें संपलें हें कळतें. ओवींत श्लोकाचें स्थान हीच काय ती खूण. लेखकानें श्लोक गाळला कीं टीकेचा स्वतंत्र ग्रंथ होऊन बसतो.

परांडें तालुक्यांतीलच डोमगांवच्या कल्याणस्वामींच्या मठांतील दासबोधाची प्रत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं उजेडांत आणिली, तेव्हांपासून अभ्यासकांची दृष्टि त्या मठाकडे आहे. शेजारच्या या टीकांसही तिचा थोडा वाटा मिळावा. ज्यांच्या संग्रहीं अशी पोथी असेल त्यांनीं सूचींत ‘वेदान्तपर ओव्या’ एवढेंच न लिहितां मूळ प्रकरणाचें नांव, श्लोकसंख्या व श्लोक कोठें लिहिले आहेत, हें अवश्य टिपावें.