मधले आठ महिने

हारुकी मुराकामीचं 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग' हे धावणाऱ्यांचं पुस्तक म्हणून ओळखलं जातं. नावच तसं आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण मला त्यातली सर्वांत मोलाची वाटलेली पानं पोहण्याबद्दलची आहेत. ट्रायथलॉनच्या सुरुवातीलाच पाण्यात त्याचा श्वास बिघडतो आणि स्पर्धा सोडावी लागते. पुढे त्याला एक प्रशिक्षक भेटते. ती आधी त्याचं पोहणं नुसतं बघते, मग त्याच्या जुन्या सवयी एकेक करून सुट्या करते आणि नव्याने जोडून देते. नाट्य असं काहीच नाही. पन्नाशी ओलांडलेला जगप्रसिद्ध कादंबरीकार पाण्यात हात कसा फिरवायचा ते शिकतोय, एवढंच. सरावाबद्दल इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मुराकामीने पुस्तकात सांगितलेल्या ट्रायथलॉन छोट्या पल्ल्याच्या आहेत. लांब पल्ला म्हणजे आयर्नमॅन: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल, वर 42.2 किलोमीटर धावणं, आणि हे सगळं साधारण 17 तासांच्या आत. या पल्ल्याची पुस्तकं मी गेली दोन वर्षं सराव करता करता वाचतो आहे. माझ्या नोंदींप्रमाणे पहिल्या स्पर्धेआधीच्या 34 आठवड्यांत सरावाचे 410 तास भरले, स्पर्धेला 14 तास लागले. तासाला एक पान धरलं तर या खेळावरच्या पुस्तकात सरावाची चारशे पानं हवीत आणि स्पर्धेची चौदा. पुस्तकं अशी मोजत नाहीत हे इंजिनिअरलाही कळतं. पण प्रत्यक्षात प्रमाण जवळपास उलटं निघतं, तेव्हा प्रश्न पडतोच.

रिच रोलचं 'फाइंडिंग अल्ट्रा' (2012) घ्या. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा वकील, दारूच्या व्यसनातून बाहेर आलेला, घरातला जिना चढताना धापा टाकतो. मग आहार बदलतो, आणि 2008 साली हवाईतल्या अल्ट्रामॅनमध्ये उतरतो: तीन दिवसांत 10 किलोमीटर पोहणं, 421 किलोमीटर सायकल आणि 84 किलोमीटर धावणं. कहाणी पकड घेते, यात शंका नाही. त्यातला सर्वांत चांगला भाग प्रशिक्षक त्याला मुद्दाम हळू धावायला लावतो तो. नाडी ठरावीक आकड्याच्या वर गेली की वेग कमी करायचा. चढावर तर बऱ्याचदा चालायचंच. ज्याने हे केलंय त्याला त्यातला अपमान माहीत आहे. शेजारून कॉलेजची पोरं पळत पुढे जातात आणि तुम्ही घड्याळाकडे बघत पाय आवरता. इथे रोल थांबला असता तर पुस्तक वेगळं झालं असतं. पण त्याला पुढे जायची घाई आहे. कारण त्याच्या पुस्तकाचा विषय सराव नाहीच, उद्धार आहे. पतन, साक्षात्कार, तप, सिद्धी. हा साचा आपल्याकडच्या संतचरित्रांच्या वाचकाला नवा नाही. फरक एवढाच की संताची रोजची कामं, निदान आख्यायिकांत तरी, लक्षात राहतात. जनाबाईचं जातं आठवा.

क्रिसी वेलिंग्टनचं 'अ लाइफ विदाउट लिमिट्स' (2012) याहून प्रामाणिक आहे. कोना इथली जागतिक स्पर्धा तिने चारदा जिंकली: 2007, 2008, 2009 आणि 2011. खाण्याशी बिघडलेलं नातं, प्रत्येक गोष्ट स्वतःच्या ताब्यात ठेवायचा हट्ट, हे ती आडपडदा न ठेवता सांगते. ज्या स्वभावाने तिला आजारी पाडलं तोच स्वभाव सरावात कामी आला, हेही तिला दिसतं. मग हा हट्ट बरा झाला, की त्याला फक्त पदक देणारी जागा मिळाली? प्रश्न पुस्तकात उभा राहतो. पण व्यावसायिक झाली त्याच वर्षी ती कोना जिंकते, आणि विजयाच्या गलक्यात तो विरून जातो. जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्यासारखे हजारो लोक कधीच जिंकणार नसतात. त्यांना ही पळवाट नाही.

स्पर्धेच्या दिवसाचं हे वेड टीव्हीनेही वाढवलं. फेब्रुवारी 1982 मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी, आपल्या प्रबंधाच्या निमित्ताने स्पर्धेत उतरलेली, अंतिम रेषेच्या अलीकडे कोसळली. पहिला नंबर हातचा गेला, आणि ती रांगत रेषेपर्यंत पोचली. कॅथलीन मॅकार्टनीने तिला 29 सेकंदांनी हरवलं. एबीसी वाहिनीने हे दाखवलं आणि आयर्नमॅन अमेरिकेतल्या घराघरांत पोचला. मी ती चित्रफीत कितीदा तरी पाहिली आहे, घशात आवंढा येतोच. तरीही वाटतं, या खेळावर लिहिणारा प्रत्येक जण तेव्हापासून शेवटच्या काही मीटरांकडे बघत लिहितो आहे. आपली वर्तमानपत्रंही त्यातलीच. कोणी वेळेत स्पर्धा पूर्ण केली की ठरलेला मथळा येतो: अमुकने 'आयर्नमॅन किताब पटकावला'. पटकावला कोणाकडून? वेळेत पोचणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो.

पुन्हा मुराकामीकडे येतो, कारण माझी खरी तक्रार त्याच्याशी आहे. बाकीच्यांकडून फार अपेक्षा नव्हती. जॅझ क्लब बंद करून, लवकर झोपून पहाटे उठायचं, आमंत्रणं नाकारायची, असं आयुष्य त्याने स्वतः बेतलं. लिहायचं, पळायचं. हे तो शांतपणे सांगतो, आपण फार मिळून मिसळून राहणारे नाही हेही मान्य करतो. पण ज्या पत्नीबरोबर त्याने क्लब चालवला ती पुस्तकात कडेकडेनेच वावरते. शेवटी पुस्तक अर्पण केलं आहे ते रस्त्यात भेटलेल्या धावकांना, ज्यांना त्याने मागे टाकलं आणि ज्यांनी त्याला मागे टाकलं अशा सगळ्यांना. अर्पण सुंदर आहे. फक्त ते रस्त्यावरच्यांपुरतं आहे.

रविवारी कोणी सहा तास सायकलवर असतो तेव्हा त्याच्या घरातही ते सहा तास जातातच. भाजी आणली जाते, गॅसवाला येऊन जातो, लहान मूल असेल तर त्याला कोणीतरी भरवतं. माझ्या ॲपमध्ये दीड वर्षातला नाडीचा जवळपास प्रत्येक ठोका साठवलेला आहे. आई पहाटे चारला उठून रताळी उकडते आणि खारट झालेले कपडे मशीनआधी बादलीत भिजत घालते, त्याला त्यात रकाना नाही. मी तिला उठू नकोस म्हणालो. ती म्हणाली, तू दारं आपटतोस, झोप कुठे लागते. यात त्याग वगैरे तिला अभिप्रेत नव्हता, माहिती दिली तिने. या माहितीसाठी वरच्या तिन्ही पुस्तकांत जागा निघत नाही. रोलची बायको ज्युली पुस्तकात भरपूर आहे, पण प्रेरणा म्हणून, पाठीशी उभी राहणारी म्हणून. ती दमलेली असते तेव्हा काय होतं, हे मला त्या पुस्तकातून कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे खेळाडूंचं आत्मकथन आहे, घरच्यांचं नाही. मान्य. पण सराव हा एकट्याने करायचा एकांतवास आहे, हे चित्र याच पुस्तकांनी रंगवलं. त्यात इतर माणसं नसतील तर चित्र अपुरं नाही, चुकीचं आहे. एकांत कोणीतरी रिकामा करून दिलेला असतो. पोहण्याच्या त्या पानांत मुराकामीला हे नकळत साधलंय: तिथे दुसरं माणूस काठावर उभं आहे, आणि त्याच्याशिवाय हात फिरत नाही.

त्या प्रशिक्षक बाईंनी आपल्या बाजूने ते सगळं लिहिलं असतं, तर मी ते आधी वाचलं असतं.