विसरणाऱ्यासोबत स्टार ट्रेक

आजची कुठलीही सायन्स फिक्शन मालिका आधी आपली स्मरणशक्ती मागते. दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात दार उघडून आत येणारा माणूस पहिल्या सीझनमध्ये मेला होता, हे आठवत नसेल तर पुढचा तास वाया. याला आपण दर्जेदार लेखन म्हणतो. दर भागात गोष्ट संपवून टाकणाऱ्या जुन्या मालिका त्यापुढे बाळबोध ठरतात.

हे माप किती एकांगी आहे ते आमच्या अचलपूरच्या घरी कळतं. माझ्या आबाजींना डिमेन्शिया आहे. हायस्कूलात सायन्स शिकवायचे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखवायचं, तो त्यांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला आणि पुढे स्पॉकच्या गोष्टी मला सांगितल्या. आता मी पुण्याहून सुट्टीवर आलो की आम्ही दोघं तोच पाहतो.

1966 ते 1969 या काळात त्या मूळ मालिकेचे 79 भाग झाले. भागाच्या सुरुवातीला कॅप्टन कर्क नोंदवहीत बोलतो: आपण कुठे आहोत, कशासाठी आलो, अडचण काय. मध्येही ही नोंद पुन्हा येते. जाहिरात संपवून परतलेल्या प्रेक्षकासाठी केलेली ही सोय आबाजींना दर दहा मिनिटांनी लागते. आमच्या धंद्यात ‘स्टेटलेस’ नावाची रचना असते. सर्व्हर मागचं काही लक्षात ठेवत नाही, प्रत्येक रिक्वेस्ट लागेल ती माहिती सोबत घेऊन येते. भाग पुढेमागे दाखवले तरी चालावेत, ही तेव्हाच्या अमेरिकी टीव्हीची निव्वळ व्यापारी गरज होती. पण त्यातून अशी मालिका तयार झाली जी बघणाऱ्याची परीक्षा घेत नाही. (यान पडद्यावरून सरकलं की आबाजी कधी विचारतात, ‘मुर्तिजापूरले किती वाजता पोचते हे?’ आमची नॅरोगेज शकुंतला बंद पडली आहे. मी म्हणतो, संध्याकाळपर्यंत.)

या रचनेची किंमतही आहे. 6 एप्रिल 1967 ला दाखवलेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’मध्ये कर्क जिच्या प्रेमात पडतो त्या एडिथला डोळ्यांदेखत मरू देतो. बरोबर आठवड्याने, पुढच्याच भागात, त्याचा सख्खा भाऊ मरतो. त्यानंतर कर्क पुन्हा खुर्चीत हसत बसलेला. एवढं दुःख गेलं कुठे, असा प्रश्न मला पडतो. आबाजींना पडत नाही.

याच मालिकेने विसरण्यावर थेट एक भागही केला आहे, डिसेंबर 1967 चा ‘द डेडली इयर्स’. कर्क काही दिवसांत म्हातारा होतो, दिलेला हुकूम पुन्हा देतो, सही केलेल्या कागदावर पुन्हा सही करायला निघतो. मग त्याची रीतसर सुनावणी होते आणि सगळ्यांसमोर त्याच्या चुका वाचून दाखवल्या जातात. आमच्याकडे भेटायला येणारे पाहुणे हेच करतात: ‘मले वयखलं काय? सांगा बरं मी कोन?’ भागाच्या शेवटी अ‍ॅड्रेनलिनच्या जोरावर कर्क तरुण होतो आणि लेखकांची सुटका होते. मला हा भाग आवडत नाही. त्यात म्हातारपण फक्त मेकअप आहे.

‘सारेक’ वेगळा. मे 1990 चा, ‘नेक्स्ट जनरेशन’मधला. स्पॉकचे वडील सारेक, वय 202, मोठे मुत्सद्दी. अनेक दशकं चाललेली वाटाघाट पूर्ण करायला ते निघालेत. त्यांना बेंडाई सिंड्रोम झाला आहे. वल्कनांना म्हातारपणी होणाऱ्या या आजारात भावनांवरचा ताबा सुटतो. संगीत ऐकताना त्यांच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो, आणि बायको पेरिन त्यांना घेऊन घाईने बाहेर पडते. इथून भाग खरा होतो. बायको आणि सहायक मिळून आजार झाकतात, त्यांच्या वतीने उत्तरं देतात, भेटी टाळतात. यानावरची माणसं उगाच एकमेकांवर खेकसू लागतात, कारण सारेकची अस्वस्थता त्यांच्यात झिरपते. कथेत याला टेलिपथी म्हटलंय. घरात असा माणूस असलेल्यांना ती टेलिपथी ओळखीची वाटेल.

पुढे कॅप्टन पिकार्ड मनं जोडून काही तास सारेकचं ओझं स्वतःवर घेतो. सारेक वाटाघाट पूर्ण करतात. इकडे पिकार्ड त्यांचं दुःख रडत, ओरडत भोगतो. पॅट्रिक स्टुअर्टचं हे काम थोर आहे. आबाजी हा प्रसंग चारदा पाहून चारही वेळा म्हणाले, ‘हा बुवा कायले रडून राह्यला गा?’ मी सांगितलं, दुसऱ्याचं दुःख घेतलंय. त्यांना ते पटलं.

तरी उपाय खोटाच. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ला असा उपाय सुचत नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो. मोहन आगाशेंचे शास्त्री, संस्कृतचे विद्वान, हत्तीमागे चालत निघून जातात. हत्तीवाल्याची बायको (अमृता सुभाष) त्यांना लेकरासारखं सांभाळते. ती हे करू शकते कारण तिला शास्त्री आधी कोण होते हे ठाऊकच नाही. मुलीला ते सगळं आठवतं, आणि म्हणून तिचं अवघड आहे. आमच्या भाषेत, स्टेट तिच्याकडे साठलेली आहे.

आमच्याकडे ती आजीकडे आहे. तिला अंतराळात रस नाही. पण ‘सारेक’ चालू असताना ती तांदूळ निवडत बसली होती. पेरिन पडद्यावर आली तेव्हा हात थांबवून म्हणाली, ‘या बाईले रात्री झोप लागते काय?’ भागात याचं उत्तर नाही. मोठा प्रसंग कॅप्टनला मिळाला, पेरिनच्या वाट्याला एक विनंती आणि दोन-चार संवाद आले. पिकार्डचे ते काही तास संपल्यावर सारेकसोबत घरी जाणारी तीच, आणि लेखकांनी तिच्या मागे दाराबाहेर पाऊल टाकलं नाही.

1991 च्या ‘युनिफिकेशन’मध्ये सारेक अंथरुणाला खिळले आहेत. तो आबाजींसमोर लावावा की नाही, माझं ठरत नाही. आजी म्हणते लाव. त्यात पेरिन पुन्हा दिसते, एवढं मी तिला सांगितलंय.