‘कोर्ट’ पुन्हा पाहताना

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. तेव्हा सगळा राग सरकारी वकील नूतनवर निघाला होता. परवा पुन्हा पाहिला, आणि राग कुणावर काढावा तेच कळेना.

नारायण कांबळे हे म्हातारे शाहीर. त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या मॅनहोल साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. वासुदेवची बायको साक्षीत सांगते, की झुरळ बाहेर आलं तरच तो आत उतरायचा. झुरळ आलं म्हणजे आत हवा आहे. आत्महत्येचा मुद्दा तिथेच ढासळतो. शाहिरांना जामीन मिळतो. मग पुन्हा अटक होते, या वेळी ‘यूएपीए’खाली.

हा कायदा १९६७चा. २००८मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, त्यात कलम ४३डी आलं. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर कोर्टाला जामीन देता येत नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत, डीफॉल्ट सेटिंगच बदललं. नागरिकाने बाहेर असणं हा नियम होता, तो अपवाद झाला.

हे घडवायला सिनेमात खलनायक लागत नाही. नूतन लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. उन्हाळी सुट्टी लागते, न्यायाधीश सहलीला जाऊन बाकावर डुलकी काढतात. शुक्रवारी संध्याकाळी आलेलं काम मीही ‘सोमवारी बघू’ म्हणून ढकलतोच की!

माझी तक्रार वेगळी आहे. ताम्हाणे आपल्याला सहलीला नेतो, पण दुसऱ्या अटकेनंतरच्या शाहिरांच्या दिवसांकडे वळत नाही. व्यवस्था विसरते, म्हणून कॅमेराही विसरतो, हे समजतं. पण त्यात प्रेक्षकाचीही सुटका होते. आतले दिवस त्याला मोजावे लागत नाहीत.

भीमा कोरेगाव प्रकरणात याच कायद्याखाली अटकेत असलेले, पार्किन्सन्सने थकलेले ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ला मुंबईत वारले. जामिनाची सुनावणी त्याच दिवशी उच्च न्यायालयात होती. खटला सुरूच झाला नव्हता.

सिनेमात कोर्टाचे दिवे मालवतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. हॉस्टेलवर मला वाटलं होतं, संपला. मी उठलोही होतो. या वेळी बसून राहिलो.