अंजनीकाठचे हात आणि अरबी समुद्राचे पाणी

गळाने मासे धरण्याच्या ज्या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात, त्यात गळाला गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी लावली जात नाही. पिसे, केस, लोकर आणि दोरा गळावर गुंडाळून किड्याचा, खेकड्याचा किंवा लहान माशाचा आभास निर्माण केला जातो आणि या बनावट आमिषालाच ‘फ्लाय’ ही संज्ञा आहे. नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते आणि ते वजन दोर ओढून नेते. फ्लाय मात्र जवळजवळ वजनरहित असल्यामुळे ती फेकता येत नाही, म्हणून येथे दोरालाच वजन दिलेले असते आणि दोर आमिषाला वाहून नेतो. दोरांना त्यांच्या वजनानुसार क्रमांक असतात. समुद्रावर वापरल्या जाणाऱ्या दहा क्रमांकाच्या दोराच्या पहिल्या ३० फुटांचे वजन २८० ग्रेन, म्हणजे साधारण १८ ग्रॅम भरते, आणि एवढे वजन नऊ फुटी काठीने वाऱ्याविरुद्ध साठ-सत्तर फूट नेऊन खेकड्याच्या पावलाइतक्या हलकेपणाने पाण्यावर टेकवणे हेच या विद्येचे सार होय. ही विद्या ज्या गावाला समुद्राचा वाराही लागत नाही अशा खानदेशातील अंजनीकाठच्या एरंडोलच्या काही मंडळींनी मस्कतमध्ये मंडळ काढून जोपासावी, ही वरकरणी विसंगत वाटणारी गोष्ट आपल्या मंडळाच्या अभिमानाचा विषय आहे, आणि अलीकडे काहीशा चिंतेचाही.

या कलेला ‘साहेबी शौक’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी प्रथम आपल्याच इतिहासाकडे पाहणे आवश्यक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ज्ञानकोशात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भाग असून त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचे विवेचन आहे. म्हणजे पोटासाठी नव्हे तर कौशल्याच्या आनंदासाठी मासा धरणे ही कल्पना दख्खनच्या भूमीत सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लेखनिविष्ट झाली होती. पुढे ब्रिटिश अमदानीत हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि महसीर माशाची कीर्ती विलायतेत पोहोचवली. पण त्या काळी विद्या तिकडून इकडे येत असताना सामग्री इकडून तिकडे जात होती, याचा उल्लेख क्वचितच होतो. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरफळ्या जोडून ज्या काठ्या बनू लागल्या, त्यांसाठी चीनमधील टोंकिन बांबू रूढ होण्यापूर्वी ‘कलकत्ता’ नावाने विकला जाणारा हिंदुस्थानी बांबू वापरात होता. राखी रानकोंबड्याच्या मानेवरील, मेणाचे थेंब गोठल्यासारख्या ठिपक्यांची पिसे तर व्हिक्टोरियन काळातील सॅमन माशाच्या फ्लायचा मुख्य अलंकार होती. या पक्ष्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि आपल्या मंडळाच्या पेटीत त्याचे एकही पीस नाही, हे येथे नोंदवणे उचित ठरेल. तेथे साध्या पाळीव कोंबड्याची पिसे, बकरीचे केस आणि स्वेटरची उसवलेली लोकर एवढेच भांडवल आहे.

खानदेशातील हातांना या विद्येची पूर्वतयारी दोन ठिकाणी झालेली आढळते. एक म्हणजे गिरणा-तापीच्या डोहांत भोई समाजाचे लोक फेकतात ते गोल जाळे, जे खांद्यावरून सुटताना हवेत पूर्ण उमलले पाहिजे आणि मगच पाण्याला लागले पाहिजे. दुसरी म्हणजे ज्वारी हुरड्यात आल्यावर मचाणावरून पाखरे हाकणारी गोफण. गोफणीत जोरापेक्षा दोरीचे एक टोक नेमके केव्हा सोडावे याला महत्त्व असते, आणि फ्लायच्या काठीत जोरापेक्षा हात नेमका केव्हा थांबवावा याला. काठी मागे नेऊन क्षणभर थांबवली की दोर पाठीमागे सरळ होतो आणि त्याच्या ओझ्याने काठी वाकते. तो सरळ होण्याआधीच घाई केली तर चाबकासारखा आवाज होऊन फ्लाय तुटून पडते. मंडळाच्या आद्य शिक्षकांना, ज्यांना सर्व सभासद जिभाऊ म्हणून ओळखतात, हा थांबा शिकवावा लागला नाही, असे त्यांना शिकवणारे सहकारी सांगत. बालपणी एरंडोलच्या शिवारात गोफण फिरवलेल्या मनगटाला ‘केव्हा’ हा प्रश्न आधीच ठाऊक होता.

मंडळाची स्थापना, पहिली दोन वर्षे गाडीच्या शेडमध्ये झालेल्या बैठका, गणपतीच्या वर्गणीतून काठी विकत घेतल्यावरून झालेला आणि अद्याप पूर्णपणे न मिटलेला वाद, हे सारे सभासदांना पाठ आहे आणि त्याची पुनरुक्ती येथे अनावश्यक आहे. मात्र तीन व्यक्तींच्या ऋणाचा उल्लेख टाळता येत नाही. जिभाऊंनी वीस वर्षांत सुटीचा एकही शुक्रवार स्वतःसाठी ठेवला नाही, आणि त्यांच्या संयमाची तुलना पद्मालयाच्या तळ्याकाठी ध्यान लावून उभ्या असलेल्या बगळ्याशीच करता येईल. दिवसभर रुग्णालयात परिचारिका म्हणून उभ्या राहून रात्री स्वयंपाकघरातील दिव्याखाली फ्लाय बांधणाऱ्या ताईंच्या बोटांत जी किमया आहे, ती एखाद्या पैठणी विणकराच्या बोटांतच आढळावी. त्यांनी बांधलेला लोकरी खेकडा खऱ्या खेकड्याशेजारी ठेवला तर पाहणारा क्षणभर थबकतो. आणि हिशेब, परवाने, पाण्याचे कॅन, टायर व शिधा यांचा भार वाहणारे खजिनदार नसते, तर मंडळाची एकही सहल मस्कतच्या वेशीबाहेर पडली नसती.

मंडळाच्या अनेक सहलींपैकी ओमानच्या धोफार प्रांतातील मिरबातच्या किनाऱ्यावरची एक सहल विशेष स्मरणीय मानली जाते. धोफारमध्ये जून ते सप्टेंबर ‘खरीफ’ नावाचा पावसाळा असतो. हा शब्द आपल्या खरीप हंगामाचाच सख्खा भाऊ आहे, आणि त्या काळात समुद्र इतका खवळलेला असतो की किनाऱ्यावर उभे राहणेही धोक्याचे, म्हणून सहल नोव्हेंबरात निघाली. गुरुवारी कामावरून सुटलेली नऊ मंडळी दोन गाड्यांतून निझवा, हैमा आणि थुमरैत या मार्गाने सुमारे हजार किलोमीटरचे वाळवंट ओलांडून सलालाहला आणि तेथून पुढे मिरबातला पोहोचली. डब्यांत कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरीत होते. वांगे जळगावकडचे हिरवट-पांढरे नसल्याने भरताला ती चव नव्हती, ही तक्रार हैमापर्यंत पुरली.

तेथे ज्या माशाचा शोध होता त्याला इंग्रजीत ‘परमिट’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव ऐकून वेगळ्याच खोलीची आठवण व्हावी हे स्वाभाविक असले, तरी हा मासा आपल्या हलव्याच्या कुळातला असून अंगाने चपटा, चंदेरी, नजरेने तीक्ष्ण आणि स्वभावाने कमालीचा संशयी असतो. खडकांवरील शिंपले आणि खेकडे खाण्यासाठी तो भरतीबरोबर अगदी उथळ पाण्यात, फुटणाऱ्या लाटेच्या फेसात येतो. त्याला आंधळेपणाने गळ टाकून धरता येत नाही. आधी तो दिसावा लागतो, म्हणून सूर्य वर येईपर्यंत थांबावे लागते, आणि मग लाट उभी राहिली की तिच्या काचेसारख्या भिंतीत त्याची सावली क्षणभर दिसते.

त्या दिवशी वारा उजवीकडून वाहत होता. उजव्या हाताने दोर फेकणाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट दिशा, कारण वारा दोराला, आणि दोराबरोबर गळाला, थेट त्याच्याच कानाकडे ढकलतो. सकाळपासून चौघांनी प्रयत्न केले आणि चौघांच्याही फ्लाय माशांच्या मागे पडल्या. जिभाऊंनी मग समुद्राकडे पाठ केली, दोर किनाऱ्याच्या दिशेने पुढे फेकला आणि मागची फेक, जी एरवी केवळ तयारीची असते, तीच पाण्यावर सोडली. वारा आता दोराला त्यांच्या अंगापासून दूर नेत होता. ताईंचा करड्या लोकरीचा खेकडा दोन माशांच्या पुढे हातभर अंतरावर टेकला आणि बुडाला. जिभाऊ वळले, दोराला एकच लहान ओढ दिली आणि थांबले. मागचा मासा तिरपा झाला, त्याची काळी शेपटी फेसातून वर आली, म्हणजेच तोंड तळाशी गेले, आणि दोर ताठ झाला.

पुढच्या काही मिनिटांत रिळावरचा सारा रंगीत दोर संपून त्याखालचा राखीव दोरा पाण्यात उतरला. मंडळी ओरडत होती. जिभाऊ काही बोलले नाहीत, केवळ काठी उंच धरून खडकावरून खडकावर सरकत राहिले. मासा शिंपल्यांनी मढलेल्या एका खडकामागे गेला आणि दोर सैल पडला. त्यांनी तो सावकाश गुंडाळून घेतला, टोकाचा पारदर्शक नायलॉन बोटांत धरून तो कोठे खरवडला आहे हे चाचपले आणि शेजारी उभ्या असलेल्या तीन मुलांच्या बोटांना तो खडबडीतपणा लावून दाखवला. सहलीत मासा एकही मिळाला नाही. तरीही पुढच्या प्रत्येक संमेलनात वर्णन होते ते याच फेकीचे, आणि दरवेळी मासा थोडा थोडा वाढतो, हे संशोधकाने लक्षात ठेवावे.

आता काळजीच्या बाबी. पूर्वी मंडळाचा नियम असा होता की सहलीत फक्त सभासदांनी बांधलेल्याच फ्लाय वापराव्यात. आज बहुतेकांच्या डबीत बाजारातल्या, डझनाने मिळणाऱ्या फ्लाय असतात. पूर्वी गळाचा काटा, म्हणजे मासा निसटू नये म्हणून टोकाला असणारा उलटा दात, पक्कडीने दाबून टाकला जाई, जेणेकरून मासा इजा न होता सोडता येईल. आज घाईत ते राहून जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा छायाचित्रासाठी पाण्याबाहेर जितका काळ धरला जाईल तितकी त्याच्या जगण्याची शक्यता घटते, हे माहीत असूनही छायाचित्रांचा मोह आवरत नाही. दोन सहलींत वाऱ्याला कंटाळून काहींनी सरळ कोळंबी लावून मासे धरले आणि रात्री तळून खाल्ले. खाण्याला हरकत असण्याचे कारण नाही, किनाऱ्यावरचा कोळी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आला आहे; हरकत एवढीच की त्याची गणना फ्लायच्या वार्षिक नोंदवहीत झाली. ज्याने जे केले ते त्याच नावाने लिहावे, एवढी शिस्त तरी टिकली पाहिजे. आणि पालकांनी हेही समजून घ्यावे की मुलांना महागडी काठी घेऊन देणे म्हणजे त्यांना ही विद्या देणे नव्हे.

एरंडोलकरांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता पडू नये. पांडववाड्यासाठी आणि जवळच्या पद्मालयाच्या गणपतीसाठी ओळखले जाणारे हे गाव एके काळी हातकागदासाठीही प्रसिद्ध होते. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये येथील जाड देशी कागदाचा उल्लेख आहे आणि तेव्हाच तो धंदा उतरणीला लागल्याची नोंदही आहे. गिरणीचा कागद स्वस्त आला हे कारण खरेच. परंतु कागद जगात वाढतच गेला आणि लगदा झेलणारे हात तेवढे नाहीसे झाले. साचा जपून ठेवता येतो, लगद्याची कृतीही लिहून ठेवता येते. साचा पाण्यातून उचलताना त्याला नेमका कोणता हिसका द्यायचा, हे मात्र शेजारी उभे राहूनच उचलावे लागते. फ्लायच्या फेकीविषयी आज असंख्य चित्रफिती उपलब्ध आहेत आणि मुले त्या पाहतात, परंतु चित्रफीत मुलाच्या कोपरावर हात ठेवून ‘थांब’ म्हणू शकत नाही.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी मैदानात पुन्हा सुरू झालेला सराव महत्त्वाचा आहे. तेथे पाणी नसते, गळही नसतो. दोराच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून तो जमिनीवर ठेवलेल्या परातीत पाडायचा असतो. पहिल्या दिवशी अकरा मुले आली आणि महिनाअखेर चार उरली. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी डावखुरी आहे. तिच्या पाठीशी उभे राहून तिचा हात धरायचा, तर जिभाऊंचा स्वतःचा सराव आड येत असे, आणि समोर उभे राहून दाखवावे तर तिला ते आरशात पाहिल्यासारखे जुळत असे. जिभाऊ त्यामुळे हल्ली तिच्यासमोर उभे राहून फेकतात, आणि तिच्या शेजारी उभे राहता यावे म्हणून सत्तरीच्या उंबरठ्यावर, इतर मुले घरी गेल्यावर, परातीसमोर एकटेच डाव्या हाताने दोर फेकायला शिकत आहेत. त्यांचा दोर अजून पाठीमागे पुरता सरळ होत नाही.