‘काळा दिवस’ : एका शब्दप्रयोगाचे दोन अर्थनिर्णय

न्यायालयाचा निकाल हा वाङ्मयसमीक्षेचा विषय नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहुतेक निकालांपुरती ती खरीही आहे. परंतु ज्या खटल्यात कृतीविषयी वाद नसून केवळ उच्चारलेल्या शब्दांच्या अर्थाविषयी वाद असतो, तेथे निकाल हा मूलतः अर्थनिर्णयच असतो. अशा निकालाची भाषेच्या दृष्टीने चिकित्सा होणे अगत्याचे ठरते. कोल्हापूर जिल्ह्यात उद्भवलेले आणि सर्वोच्च न्यायालयात ७ मार्च २०२४ रोजी निकालात निघालेले एक प्रकरण या प्रकारात मोडते.

प्रकरणाची हकीकत थोडक्यात अशी. जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या, मूळच्या काश्मीरच्या एका प्राध्यापकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर इंग्रजीत काही मजकूर ठेवला. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरचा काळा दिवस होय. अनुच्छेद ३७० रद्द झाले, आम्ही आनंदी नाही. आणि १४ ऑगस्टनिमित्त पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, असा त्याचा आशय होता. हातकणंगले पोलीस ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ अन्वये गुन्हा नोंदविला गेला. धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा इत्यादी कारणांवरून निरनिराळ्या गटांत शत्रुत्व वाढविणे, हा त्या कलमाचा विषय. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ ने त्याची जागा घेतली आहे.) गुन्हा रद्द व्हावा ही विनंती मुंबई उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ रोजी नाकारली, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयाँ यांनी ती मान्य केली.

शुभेच्छांचा मजकूर कलमाच्या कक्षेत येत नाही, असे उच्च न्यायालयानेही मानले होते. तेव्हा खरा वाद उरला तो ‘काळा दिवस’ या दोन शब्दांचा आणि त्यांच्याखालील एका वाक्याचा. उच्च न्यायालयाच्या मते जम्मू-काश्मीरसारख्या नाजूक विषयावरील विरोधी मत परिस्थितीचे साकल्याने विवेचन करून, कारणे देऊन मांडले पाहिजे. येथे कारणमीमांसा न देता तीव्र मत तेवढे व्यक्त झाले आहे.

या अपेक्षेमागे एक भाषिक गृहीत दडलेले आहे. ते असे की, मतभेद हा युक्तिवादाच्या रूपानेच प्रकट व्हावयास हवा. परंतु युक्तिवाद आणि निषेध या दोन भिन्न भाषिक कृती आहेत. युक्तिवाद ऐकणाऱ्याची बुद्धी वळवू पाहतो. निषेध बोलणाऱ्याची बाजू जाहीर करतो. दंडावर काळी फीत बांधणाऱ्याला ‘तुमचे प्रमेय सांगा’ असे कोणी म्हणत नाही. १९१९ च्या रौलट कायद्याला ‘काळा कायदा’ म्हणणारे आणि १९२८ साली सायमन कमिशनला काळे झेंडे दाखविणारे लोक त्या क्षणी चिकित्सा करीत नव्हते. त्यांचा रोष मात्र कोणाला कळला नाही असे झाले नाही. शिवाय या मजकुरात कारण मुळीच नाही, हे म्हणणेही पुरते टिकत नाही. ‘अनुच्छेद ३७० रद्द झाले, आम्ही आनंदी नाही’ या वाक्यात विषादाचे कारण सरळ सांगितलेले आहे. ते कोणाला अपुरे वाटेल. पण अपुरे कारण आणि शत्रुत्वाची चिथावणी या एका जातीच्या गोष्टी नव्हेत.

त्या वाक्यातील ‘आम्ही’ हे सर्वनामही लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. इंग्रजीत हा भेद नसल्यामुळे मूळ मजकुरात तो संदिग्ध राहतो, आणि मराठी वाचकाच्या मनात त्याचे रूपांतर होते ते बहुधा ‘आम्ही’ असेच. एक गट वेगळा पडल्याचा भास येथून निर्माण होणे शक्य आहे. पण ‘आम्ही’ म्हटल्याने ‘तुम्ही’ सूचित झाले, तरी ‘तुम्ही’ म्हणजे वैरी असा अर्थ त्यातून निघत नाही. तो निघण्यास दुसऱ्या गटाविषयी काहीतरी विधान व्हावे लागते, आणि तसे विधान या मजकुरात नाही.

मराठी वाचकाला तर ‘काळा दिवस’ हा शब्दप्रयोग परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अंमलात आली. त्याच दिवशी तिला अनुरूप असा संविधानाचा सातवा विशोधन कायदाही लागू झाला. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून सीमाभागातील मराठी भाषक १ नोव्हेंबर हा ‘काळा दिन’ म्हणून पाळतात. काळ्या फिती लावतात, मूक फेरी काढतात. त्याच दिवशी त्याच शहरात कर्नाटकाचा राज्योत्सव साजरा होतो. २०२० साली महाराष्ट्राच्या मंत्र्यांनीही १ नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधली होती. संसदेला राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार नाही असे या काळ्या दिनात कोणी म्हणत नाही. त्या अधिकाराचा असा वापर आम्हांस दुःखद झाला, एवढेच म्हटले जाते. त्यात कन्नड भाषकांविषयी वैर अभिप्रेत आहे, असा अर्थ कोणी लावला तर कोल्हापूरकराला तो अन्याय वाटेल, आणि तसे वाटणे रास्तच आहे.

५ ऑगस्ट २०१९ चा बदल राष्ट्रपतींच्या आदेशाने आरंभिला गेला. अनुच्छेद ३६८ खालील तो संविधान-विशोधन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२३ रोजी तो वैध ठरविला. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याच न्यायालयाने त्या दिवसाला ‘काळा’ म्हणण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. या दोन निर्णयांत विसंगती नाही. एखादी कृती वैध आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ती कोणाला शोकास्पद वाटते की नाही हा दुसरा. न्यायालयाने ‘काळा दिवस’ या शब्दांचा अर्थ निषेध व वेदना असा लावला. राज्यसंस्थेच्या कृतीवरील प्रत्येक टीका गुन्हा ठरू लागली तर लोकशाही टिकणार नाही, हेही स्पष्ट केले.

हा अर्थ कोणत्या वाचकाच्या नजरेने लावावयाचा, याचे उत्तर न्यायालयाने नागपूरच्या एका जुन्या निकालातून घेतले आहे. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी शब्दांचा परिणाम विचारी, खंबीर व धैर्यवान माणसांच्या मापाने मोजावा, दुर्बल व डळमळीत मनाच्या मापाने नव्हे, असे प्रतिपादिले होते. येथे एक भाषिक योगायोग ध्यानात येतो. संविधानाच्या इंग्रजी पाठात निर्बंधांचे विशेषण आणि या आदर्श वाचकाचे विशेषण एकच आहे. मराठीत मात्र निर्बंध ‘वाजवी’ असतो आणि माणूस ‘विचारी’ किंवा ‘समंजस’. अनुच्छेद १९ (२) मधील ‘वाजवी’ हे विशेषण मूळ संविधानात नव्हते. १९५१ च्या पहिल्या विशोधनाने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे नवे कारण घालून निर्बंधांचे क्षेत्र वाढविले, आणि त्याबरोबरच हे विशेषण आणून त्यांना मर्यादाही घातली. १९६३ च्या सोळाव्या विशोधनाने देशाच्या सार्वभौमत्वाची व एकात्मतेची भर घातली. कारणांची यादी वाढली, तरी नागरिकाचे संरक्षण त्या एका विशेषणावर टेकून राहिले. मराठीतील दोन शब्द एकत्र ठेवले म्हणजे त्यांचे नाते उघड होते : वाचक समंजस धरला, तरच निर्बंध वाजवी राहतो.

तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही एक उणीव जाणवते. धैर्यवान वाचक कसा वाचतो, हे तेथे सिद्ध केलेले नाही. ते गृहीत धरले आहे. ‘काळा दिवस’ या शब्दप्रयोगाचा या देशातील प्रघात, त्याची पूर्वपीठिका, निरनिराळ्या लोकसमूहांनी केलेला त्याचा वापर, यांचा आधार घेतला असता तर निष्कर्ष तोच राहून त्याचा पाया अधिक पक्का झाला असता. २००७ साली शिवचरित्रविषयक एका ग्रंथाच्या प्रकरणात याच न्यायालयाने तुटक उतारे न वाचता संपूर्ण लेखन वाचावे असे सांगितले होते. संपूर्ण लेखन वाचणे म्हणजे त्यातील शब्दांचा लोकव्यवहारही वाचणे होय.

गुन्हा नोंदल्यापासून तो रद्द होईपर्यंत सुमारे एकोणीस महिने गेले. दोन शब्दांचा अर्थ ठरण्यास एवढा काळ लागावा, आणि त्या काळात एका अध्यापकाने आरोपी म्हणून राहावे, ही किंमत लहान नव्हे. ती टाळण्याचे स्थान न्यायालयाच्या फार अलीकडे आहे. शब्द प्रथम ज्याच्या कानी पडतात त्या शेजाऱ्याच्या, सहकाऱ्याच्या आणि ठाण्यातील अंमलदाराच्या वाचनात आहे. बेळगावचा काळा दिन ज्यांना उमगतो, त्यांना तरी हे वाचन अवघड जाऊ नये. स्वतःच्या दुःखाला जे व्याकरण लावावयाचे, तेच दुसऱ्याच्या दुःखालाही लावावे, एवढीच त्याची अट आहे.